नंदी यडूरला, देव खिद्रापुरात

शिवाच्या देवळात शिरलं की हात आपसूक नंदीकडे जातो. त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा, अंगठा आणि तर्जनी शिंगांवर टेकवून मधल्या फटीतून पिंडी पाहायची आणि मग आत जायचं. हे कुणी मुद्दाम शिकवत नाही, आईच्या कडेवर असतानाच ते अंगात मुरतं. खिद्रापूरला पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा हात असाच पुढे झाला आणि मोकळाच राहिला. समोर नंदी नव्हता. पायाखाली एक भलीमोठी गोल शिळा होती आणि डोक्यावर, जिथे छत असायला हवं तिथे, आभाळ होतं.

शेजारी एक म्हातारी खांबाला टेकून दम खात बसली होती. तिला विचारलं, "आजी, इथं नंदी कुठं आहे?"

"नंदी यडूरला, बाळा. सतीमाईला घिऊन गेला, त्यो तितंच ऱ्हायला."

शेजारच्या घरातलं माणूस कुठल्या गावाला गेलंय ते सांगावं, तसं तिनं सांगितलं.

खिद्रापूर हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्याचं पार पूर्वेकडचं गाव, कोल्हापूरपासून साठेक किलोमीटर. नरसोबाची वाडी आणि कुरुंदवाड मागे टाकून सैनिक टाकळीच्या वाटेला लागलं की दोन्ही अंगांना उसाचे फड सुरू होतात. कृष्णा कधी दिसते, कधी नुसती जाणवते. तिचं वळण इथे असं आहे की गाव तीन बाजूंनी पाण्यात शिरल्यासारखं वाटतं. पलीकडच्या काठाला जुगूळ, म्हणजे कर्नाटक. या काठावर मराठी, त्या काठावर कानडी असं म्हणायची सोय आहे, पण बाजार, सोयरीक आणि देवधर्म यांना ती वाटणी कधी मानवली नाही. यडूरही तिकडेच, चिक्कोडी तालुक्यात. देवाचं घर महाराष्ट्रात आणि त्याचं वाहन कर्नाटकात, याचं इथे कुणाला नवल वाटत नाही. नकाशावरची ती रेघ १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेची आहे. नंदी त्याच्या कितीतरी आधी तिकडे गेलेला.

कथा पुराणातलीच, दक्षयज्ञाची. दक्षाने यज्ञ मांडला, सगळ्या देवांना बोलावलं, जावयाला तेवढं वगळलं. माहेरचं कार्य म्हणून सती न बोलावता गेली. तिथे नवऱ्याची निंदा ऐकून तिने यज्ञकुंडात उडी घेतली. शिवाच्या क्रोधातून वीरभद्र उभा राहिला, त्याने यज्ञ उधळला, दक्षाचं मस्तक तोडलं. इथवर सगळा देश ही गोष्ट एकसारखी सांगतो. कृष्णाकाठ पुढे त्यात आपली भर घालतो. सती नंदीवर बसून गेली होती. ती परतली नाही, म्हणून नंदीही परतला नाही. कोपलेला शिव इथे येऊन बसला, तो कोपेश्वर. त्याची समजूत घालायला विष्णू आला आणि लिंगरूपाने त्याच्या शेजारी बसला, तो धोपेश्वर. गाभाऱ्यात आजही दोन लिंगं आहेत. यडूरचं मोठं देवस्थान वीरभद्राचं आहे, दोन्ही राज्यांतून तिथे यात्रा लोटते. म्हणजे गोष्टीतलं प्रत्येक पात्र आपापल्या जागेवर आहे आणि एका दिवसात पायी फिरून सगळ्यांना भेटता येतं.

मला या कथेतला विष्णू फार आवडतो. तो उपदेश करत नाही, सुदर्शन चालवत नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याच्याशेजारी येऊन बसतो. आपल्याकडे समाचाराला जाणं म्हणतात ते हेच. गावाने शिवाच्या रागाला तांडव दिलं नाही, सोबत दिली. शैव आणि वैष्णव एका गाभाऱ्यात कसे, याचं उत्तर अभ्यासक हरिहर-ऐक्याच्या परंपरेत शोधतील आणि ते बरोबरच असेल, पण गावाचं उत्तर अधिक जवळचं आहे.

इतिहासाच्या बाजूने आलं तर देवाचं नाव रागावरून पडलं असेलच असं नाही. या गावाचं जुनं नाव कोप्पम किंवा कोप्पद असावं असं मानतात. कोप्प, कोप्पळ अशी गावं कर्नाटकात आजही आहेत. कोप्पमचा ईश्वर तो कोप्पेश्वर आणि पुढे मराठी-संस्कृत कानाला त्यात 'कोप' ऐकू आला, की त्यामागोमाग दक्ष, सती, नंदी सगळे चालत आले, असं मला वाटतं. याने कथा खोटी ठरत नाही. नावाला अर्थ नसला की माणसाला चैन पडत नाही आणि देवळात नंदी नसला की त्याहून पडत नाही. दोन्ही अडचणी एका गोष्टीने सोडवल्या, ही त्या अज्ञात कथाकाराची प्रतिभा.

कोप्पम हे नाव दक्षिणेच्या इतिहासात एका भयंकर लढाईसाठी प्रसिद्ध आहे. सन १०५४ च्या सुमारास कल्याणीचा चालुक्य राजा पहिला सोमेश्वर आणि तंजावरकडचे चोळ कोप्पमला भिडले. चोळ सम्राट राजाधिराज हत्तीवर बसून लढत होता, तिथेच तो मारला गेला. पुढच्या तमिळ शिलालेखांत तो 'हत्तीच्या पाठीवर देह ठेवलेला राजा' म्हणून ओळखला जातो. सेना उधळत असताना त्याचा धाकटा भाऊ दुसरा राजेंद्र पुढे झाला, त्याने पळ थांबवला आणि रणांगणावरच स्वतःला राज्याभिषेक करून घेतला. याच मोहिमेत कोल्लापुरम् इथे, म्हणजे कोल्हापुरात, जयस्तंभ उभारल्याचं चोळांचे लेख सांगतात. शिलालेखांचे मोठे अभ्यासक फ्लीट यांनी हे कोप्पम म्हणजेच खिद्रापूर असं मांडलं. दुसऱ्या काही विद्वानांचा कल तुंगभद्रेच्या बाजूच्या कोप्पळकडे आहे. वाद मिटलेला नाही. पण कोल्हापूरच्या जयस्तंभाचा उल्लेख आणि कोप्पेश्वराचं इथलं ठाणं या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की उसाच्या या शांत रानात हत्तींच्या झुंडी धावल्या असतील, ही कल्पना मनातून जात नाही.

लढाई चालुक्यांच्या काळातली. आज दिसतं ते देऊळ मात्र मुख्यतः बाराव्या शतकातलं, कोल्हापूरच्या शिलाहारांच्या राजवटीतलं. शिलाहारांची तीन घराणी. ठाण्याकडच्या घराण्याने अंबरनाथचं शिवालय उभारलं, दुसरं घराणं दक्षिण कोकणात आणि तिसरं घाटमाथ्यावर कोल्हापूर, मिरज, पन्हाळ्याच्या मुलखात. हे महालक्ष्मीचे भक्त आणि दीर्घकाळ कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. खिद्रापूरच्या देवळाच्या उभारणीचा मान परंपरेने गंडरादित्याला दिला जातो. बाराव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो गादीवर आला. मग विजयादित्य, मग दुसरा भोज. इतकं कोरीवकाम एका राजाच्या हयातीत उरकलं असेल असं देऊळ पाहणाऱ्याला वाटत नाही. दोन-तीन पिढ्यांचे हात या दगडाला लागले असावेत.

गंडरादित्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याने गंडसमुद्र नावाचा तलाव खोदवला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत अशा तिन्ही देवांची स्थापना केली, असं त्याच्या १११० सालच्या दानलेखात आहे. खिद्रापुरातच, कोपेश्वरापासून चार पावलांवर, आदिनाथाची जैन बस्ती आहे, त्याच घडणीची. कोपेश्वर पाहून लोक गाडीत बसतात आणि ही बस्ती राहून जाते, तसं करू नये.

शिलाहार या नावामागेही एक आख्यायिका आहे आणि ती या घराण्याने अभिमानाने मिरवली. विद्याधर राजपुत्र जीमूतवाहन हा आपला मूळपुरुष, असं ते सांगत. गरुडाला रोज एक नाग भक्ष्य म्हणून द्यावा लागे. एका नागाची पाळी आली, त्याच्या आईचा आक्रोश ऐकून जीमूतवाहन त्याच्या जागी शिळेवर जाऊन बसला. शिळेवरचा आहार, तो शिलाहार. नागाला वाचवण्यासाठी गरुडापुढे स्वतःला ठेवणारं हे घराणं.

आणि त्याचा शेवट कसा व्हावा? शेवटचा राजा दुसरा भोज पन्हाळ्यावर राहायचा. सह्याद्रीतले कितीतरी किल्ले परंपरा त्याच्या नावावर देते. चालुक्यांची सत्ता मोडल्यावर तो स्वतंत्र झाला होता. तेवढ्यात देवगिरीच्या गादीवर सिंघण यादव आला, महत्त्वाकांक्षी आणि समर्थ. १२१२ च्या आसपास त्याने भोजाचा पाडाव केला आणि कोल्हापूरचं शिलाहार राज्य संपलं. पुढे यादवांच्या एका लेखात सिंघणाची स्तुती करताना कवीने लिहिलं, की पन्हाळ्यावर राहणाऱ्या भोजरूपी सर्पाचा हा गरुड. नागाला वाचवणाऱ्या वंशाच्या अखेरच्या राजालाच नाग ठरवलं. कवीला शिलाहारांची कुळकथा ठाऊक होती का, कोण जाणे. ठाऊक असेल तर याहून जिव्हारी लागणारा शब्द त्याला सापडला नसता.

आता देवळाच्या दक्षिण दारापाशी या. इथे बाहेरच्या भिंतीला एक शिलालेख आहे. देवळात लहानमोठे डझनभर लेख आहेत. बहुतेक झिजलेले आणि कानडी भाषा-लिपीतले. हा एकच संस्कृत, देवनागरी अक्षरातला. देवनागरी असल्याने कुणीही बोट ठेवून एखादं अक्षर ओळखू शकतं. मीही तसं करत उभा राहिलो होतो. आठशे वर्षांपूर्वीचा 'श्री' आपण लिहितो त्याच्या जवळपासचा दिसला की अंगावर काटा येतो.

लेख सिंघणाचा. शके ११३६, श्रीमुख संवत्सर, चैत्र अमावास्या, सोमवार, सूर्यग्रहण. या पर्वावर मिरज देशातलं संगमाजवळचं कूडलदामवाड हे गाव त्याने कोप्पेश्वराला दान दिलं. कूडल म्हणजे कानडीत संगम. नावावरून आणि संगमाच्या खुणेवरून हे गाव आजच्या कुरुंदवाडच्या परिसरात असावं. गणित मांडलं तर ही तिथी २२ एप्रिल १२१३ ला येते आणि तो वार खरोखर सोमवारच आहे. शकाचा आकडा मात्र एकाने जास्त वाटतो, कारण श्रीमुख संवत्सर आपल्या पंचांगाच्या रीतीने शके ११३५ ला येतं. चूक नाही ती. आपण उलटून गेलेली वर्षं मोजतो, लेखात चालू वर्ष मोजलंय. ज्या दरबारात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव मुख्य ज्योतिषी होता, तिथे ग्रहणाच्या तिथीत गफलत व्हायची नाही.

राज्य जिंकून वर्ष उलटलं न उलटलं तोच सिंघणाने हे दान दिलंय. यात राजकारण होतंच. नव्या मुलखातल्या लोकांना सांगायचं होतं, की राजा बदलला, देवाचा दिवा बदलणार नाही. इतिहासकारांनाही या लेखाचा असाच उपयोग झाला. १२१३ च्या चैत्रात हा मुलूख यादवांच्या हाती होता, हे त्यावरून पक्कं सांगता येतं. पण तेवढ्यावर थांबवत नाही. हरलेल्या घराण्याने बांधलेल्या देवळाच्या भिंतीवर जिंकणाऱ्याने आपलं नाव कोरलं, ते देवळाचा धनी म्हणून नव्हे, दाता म्हणून. शिलाहारांचं राज्य बुडालं आणि त्यांच्या देवाला एक गाव वाढून मिळालं. पराभवाची अशी नोंद मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही.

त्या काळच्या दानलेखांत दोन शब्द जोडीने येतात. अंगभोग आणि रंगभोग. अंगभोग म्हणजे देवाची पूजा, स्नान, गंध, नैवेद्य. रंगभोग म्हणजे देवापुढचं गाणं, वादन, नृत्य. देवालाही करमणूक हवी आणि तिचा खर्च गावाच्या उत्पन्नातून चालावा, अशी ती व्यवस्था. सिंघणाच्याच दरबारी हिशेबखात्याचा प्रमुख होता शार्ङ्गदेव, 'संगीतरत्नाकर' लिहिणारा. ज्या राजवटीत हिशेब ठेवणारा माणूस संगीतावरचा एवढा मोठा ग्रंथ लिहितो, तिथल्या देवळात रंगभोग कसा चालत असेल, हे डोळ्यांपुढे आणायचं असेल तर खिद्रापूरच्या स्वर्गमंडपात उभं राहावं.

देऊळ पूर्वाभिमुख. आत जाताना पहिला लागतो तो हा स्वर्गमंडप, मग सभामंडप, मग अंतराळ, शेवटी गाभारा. काळ्या पाषाणाचं सगळं काम. नदीकाठी मैल-मैल गाळाची जमीन असताना एवढा दगड इथवर आणणं हेच मोठं काम होतं. चालुक्य शैलीतल्या मोठ्या शिवालयांत देवासमोरच्या या जागी बहुधा नंदीमंडप असतो. इथे त्या जागी वर्तुळ आहे. एकूण ४८ खांब, त्यातले बारा अगदी आतल्या वर्तुळात. खांब कातीव आहेत. कातारी लाकडाचा पाळण्याचा खूर फिरवून काढतो तसे दगडाचे खांब फिरवून काढलेले, गळ्याशी इतक्या बारीक वळ्या की नखाने मोजाव्यात. खालची शिळा, म्हणजे रंगशिळा, अखंड आहे, तेरा-चौदा फूट व्यासाची. आणि तेवढंच वर्तुळ वर मोकळं.

छत का नाही? कुणी म्हणतं, इथे होमहवन चाले, धूर जायला जागा हवी. कुणी म्हणतं, घुमट करायचा होता, राज्यच गेलं, राहून गेला. खालची शिळा आणि वरचं आभाळ नेमकं एका मापाचं आहे, म्हणजे हे ठरवूनच केलंय, असाही एक युक्तिवाद आहे. तो मला पुरेसा वाटत नाही, कारण चालुक्य मंडपांत रंगशिळा घुमटाखालीच असते आणि घुमटाच्याच मापाची असते. पण एक गोष्ट बांधकामाचीच साक्ष देते. वर्तुळात रचलेले दगड एकमेकांना आत ढकलतात आणि त्याच दाबाने जागच्या जागी अडकून राहतात. प्रत्येक वेढा स्वतःपुरता पुरा असतो, वरचा वेढा आला नाही तरी खालचा कोसळत नाही. म्हणून पूर, वारा आणि आठशे पावसाळे सोसूनही हे उघडं वर्तुळ उभं आहे. अपुरं असेल तर इतकं भक्कम अपुरेपण क्वचितच पाहायला मिळतं.

त्या वर्तुळाच्या कडेशी देव आहेत, आपापल्या वाहनांवर. मोरावर कार्तिकेय, उंदरासह गणपती, हत्तीवर इंद्र, शिवाय यम, कुबेर. मान वर करून, हळूहळू फिरत ते पाहावे लागतात. फिरता फिरता लक्षात येतं, की इथे प्रत्येकाचं वाहन त्याच्याजवळ आहे. ज्याच्यासाठी हे सगळे जमलेत, त्याचंच तेवढं नाही.

त्रिपुरी पौर्णिमेला इथे दिवे लावतात. त्या रात्री चंद्र बरोबर या वर्तुळातून दिसतो, असं गावात सांगतात. ही भाविकांची अतिशयोक्ती असेल असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. मग एकदा कागद घेऊन बसलो. खिद्रापूर साधारण १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात इथे दुपारी सूर्य नेमका माथ्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. त्या दुपारी उन्हाची गोल चकती बरोबर रंगशिळेवर बसणार. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून कार्तिकातला पूर्ण चंद्र आकाशात साधारण त्याच जागी असतो जिथे वैशाखातला सूर्य असतो. म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र खिद्रापूरच्या माथ्याजवळ येणारच. त्याची वाट चार-पाच अंशांनी इकडेतिकडे सरकते, त्यामुळे दरवर्षी तो वर्तुळाच्या अगदी मध्यावर नसेल, पण वर्तुळात असेल. गावाचं म्हणणं खरं निघालं. पंचांगातल्या इतक्या रात्री सोडून हीच रात्र कुणी निवडली, हे कुठे कोरलेलं नाही, पण निवडणाऱ्याला आकाश पाठ होतं.

सभामंडपात शिरताना डोळ्यांपुढे अंधारी येते. बाहेर एवढा उजेड आणि आत काळा दगड, थोडा वेळ थांबावंच लागतं. मग दाट उभे खांब दिसू लागतात. दोन्ही मंडपांचे मिळून १०८ असं सांगतात. मग जाळीच्या खिडक्यांतून येणारे कवडसे आणि पार टोकाला समईच्या उजेडात पिंडी. स्वर्गमंडपातल्या मोकळ्या आभाळाकडून या अंधाराकडे चालत जाण्यात देवळाची सगळी रचना आहे. प्रदक्षिणा करून परत आलं की पुन्हा उजेड.

पण मला खरं अडकवून ठेवतात ते बाहेरचे हत्ती. देवळाच्या पायाशी, भिंतीला पाठ लावून, जवळजवळ पूर्ण घडवलेले हत्ती ओळीने उभे आहेत. मोजणारे ९२ सांगतात. इतर देवळांत गजथर असतो तो वीतभर उंचीची नक्षी असते. इथे हत्तींनी सगळं देऊळ पाठीवर घेतलंय. त्यांच्या पाठीवर देवता आहेत, गळ्यात घंटा आहेत, झुलींचे काठ दोघांचे सहसा एकसारखे नाहीत. त्यांच्यावरच्या भिंती आत-बाहेर कोन घेत ताऱ्यासारख्या फिरतात, त्यामुळे ऊन सरकेल तशी सावल्यांची घडी बदलत जाते. वर सुरसुंदरी, देव, वादक, रामायण-महाभारतातले प्रसंग, पंचतंत्रातल्या गोष्टी. हे सगळं पाहायला तासभरही पुरत नाही. मात्र खालची ही श्रीमंती वर शिखरापर्यंत पोचलेली नाही, ते डोळ्यांना लगेच जाणवतं.

आणि बहुतेक हत्तींना सोंड नाही. कुणाचं गंडस्थळ फुटलंय, कुणाचा सुळा मुळापासून गेलाय. जिथे घाव बसला तिथे हात लावून पाहा. हत्तीची पाठ शतकानुशतकांच्या हातांनी गुळगुळीत आणि काळी झालीय, तुटल्या जागी दगड खरखरीत आणि करडा आहे. गावात सांगतात, औरंगजेबाच्या फौजेने १७०२ मध्ये हे केलं. त्याच्याच कुणा सरदारावरून गावाला खिद्रापूर नाव पडलं, अशीही समजूत आहे. एवढं नक्की, की १७०१ मध्ये पन्हाळा आणि १७०२ मध्ये विशाळगड घेण्यासाठी बादशहा स्वतः या मुलखात होता आणि त्याची फौज इथली सगळी खेडी तुडवत होती. घाव मात्र सगळीकडे सारखे आहेत. चेहरा आणि सोंड, जिथे प्राण असतो तिथे.

पुढची अडीचशे वर्षं लवकर सांगून होतात. मराठेशाही आली, संस्थानं आली, पूजा चालू राहिली. १९५४ मध्ये देऊळ संरक्षित स्मारक झालं. त्यानंतरचा मोठा शत्रू एकच, तोही घरचा. कृष्णा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ तालुका पाण्याखाली होता, खिद्रापूरला पाण्याचा वेढा पडला होता. माणसं आणि जनावरं हलवावी लागली. त्या बातम्या वाचताना मला हत्ती आठवत होते, गुडघ्यापर्यंत पाण्यात, ओझं खाली न ठेवता उभे.

पुरानंतर पुन्हा गेलो तेव्हा देऊळ धुऊन झालं होतं. हत्तींच्या घंटांच्या खाचांत अजून वाळलेला गाळ होता. एक बाई, हातात खराटा, त्या ओळीजवळ बसून काडीने तो गाळ उकरून काढत होती, एकेका घंटेतून. कुणी सांगितलेलं काम दिसत नव्हतं.

आत स्वर्गमंडपात एक कुटुंब आलं होतं, बहुतेक पहिल्यांदाच. लहान मुलगा रंगशिळेच्या मधोमध उभा राहून वर बघत गोल गोल फिरत होता. आईने त्याला थांबवलं, हात जोडायला लावले. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, नंदी कुठंय?"

आई गोंधळली. खराट्याची बाई पायरीपर्यंत आली होती, तिने तिथूनच उत्तर दिलं.

"यडूरला हाय की. जाताना त्याला बी भेटून जावा. सांगा, देव बरा हाय म्हणून."